नियम क्रमांक अकरा

१ ऑगस्ट २००५, सोमवार. सकाळी ९.४०

नवी वही. जुनी रोजनिशी सव्वीस जुलैच्या पुरात गेली. ती मी पार्किंगमधल्या स्कूटरच्या डिकीत ठेवत असे, कारण घरात आशालता वाचेल. बायकोने नवऱ्याची रोजनिशी वाचू नये, दोघांच्याही तब्येतीला बरं नसतं. ही वही आता कपाटात, व्हीआरएसच्या फायलीत. त्या फायलीला घरात कोणी हात लावत नाही. मीही लावत नाही, छातीत कळ येते.

माझं नुकसान: स्कूटर (सुरू होत नाही, पुराआधीही होत नव्हती), कोल्हापुरी चपला एक जोड, रोजनिशी. आम्ही पहिल्या मजल्यावर म्हणून बाकी वाचलं. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला येऊन थांबलं. मागच्या चाळीत मात्र छातीएवढं. अख्ख्या मनवेलपाड्यात आमची बिल्डिंग तेवढी उंच, त्यामुळे चाळीतल्या बायका दोन दिवस आमच्या जिन्यावर येऊन बसल्या. जिन्यात बसू नये असा सोसायटीचा नियम आहे, पण प्रसंग पाहून मी काही बोललो नाही. दार फक्त लावून घेतलं. आशालताने ते उघडलं आणि दोन दिवस सगळ्यांना चहा पाजला. पाऊण किलो साखर संपली.

संकल्प: या लोकांना पायावर उभं करायचं. मी बँकेत एकोणतीस वर्षं काढली आहेत, स्पेशल असिस्टंट होतो. निवृत्तीला बँकेने शाल, श्रीफळ आणि दहा मिनिटं मागे चालणारं घड्याळ दिलं. वहीच्या शेवटच्या पानावर विश्वासघातांची यादी सुरू केली आहे. १. बँक.

३ ऑगस्ट, बुधवार

तलाठी पंचनाम्याला आला. चपला आणि स्कूटर सांगितली. हसला. पूरग्रस्तांत नाव घालत नाही म्हणाला, पाणी घरात शिरायला लागतं. पाणी मनात शिरलं त्याचं काय, असं मी विचारलं. तो चाळीकडे वळला.

२. तलाठी.

७ ऑगस्ट, रविवार. दुपारी

चाळीत एका संस्थेच्या बाई आल्या होत्या. योजना अशी: बारा बायकांनी बचत गट काढायचा, दरमहा पन्नास रुपये शिल्लक टाकायचे. पूरग्रस्त गट म्हणून संस्था कर्ज लगेच देणार. नऊ हप्ते, सप्टेंबर ते मे. एकही हप्ता बाकी न ठेवता फेडलं तर मेमध्ये, पावसाच्या आधी, बँक गटाला दीड लाख देणार. बारातल्या एकीने जरी चुकवलं, तर बाराही जणींना शून्य.

मी हात वर करून उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. गरीब माणूस कर्ज फेडत नाही असं नाही, त्याला फेडण्याची सवय नसते, हा माझा मुख्य मुद्दा. शेवटी मार्गदर्शक म्हणून माझी निवड झाली. म्हणजे कोणी नको म्हणालं नाही.

मुख्य सभासद दोन. बेला, मासळीवाली. माहेर पाचूबंदरचं. उन्हाळ्यात तिथून सुके बोंबील, करंदी आणते, खोलीत भरून ठेवते आणि बोटी बंद असताना पावसात दारोदार विकते. वर्षाची कमाई त्या गोण्यांत होती. सगळ्या कुजल्या. दुसरी वसुंधरा, साड्यांना फॉल-पिको करणारी. मशीन तीन दिवस पाण्याखाली होतं. सातवी पास. आकड्यांबाबत बाईला फाजील आत्मविश्वास आहे.

बेला मला 'सायेब' म्हणाली. बँकेत एकोणतीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. शिपाईसुद्धा 'ओ नेरुरकर' म्हणायचा. डोळ्यांत पाणी आलं. धूळ असावी.

१० ऑगस्ट, बुधवार

गटाचं नाव. मी सुचवलं: 'सुधा-कर महिला आर्थिक स्वावलंबन व पुनरुत्थान मंडळ'. सुधा म्हणजे अमृत. माझं नाव त्यात योगायोगाने येतं. बेला म्हणाली, सायेब, येवडं नाव रबरी शिक्क्यावर मावायचं नाय. मग पुरात सगळ्या जिन्यावर बसल्या म्हणून 'पायरी महिला बचत गट' असं ठरलं. आमच्याच जिन्यावर बसून आमच्याच जिन्याचं नाव, आणि मला विचारलंही नाही.

३. बेला.

१४ ऑगस्ट, रविवार. सायंकाळी ७

नियमावली वाचून दाखवली. तेवीस नियम, चार दिवसांची मेहनत. बायका नवव्या नियमापर्यंत जांभया देत होत्या. अकराव्याला जाग्या झाल्या. तो इथेही उतरवून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यातलं हे सर्वोत्तम ड्राफ्टिंग आहे:

'नियम क्र. ११. (क) हप्ता खाणाऱ्याच्या दारात सर्व सभासदांनी हप्ता वसूल होईपर्यंत बसावे. (ख) आरडाओरडा करू नये. शांतता जास्त लागते. (ग) थकबाकीदाराने दार उघडे ठेवावे. (घ) त्याने चहा विचारू नये, विचारल्यास घेऊ नये. चहाने वसुली मवाळ होते.'

बेलाने विचारलं, पानी तरी पाजतील का नाय? बरोबर आहे म्हणालो आणि (ङ) घातलं: पाणी चालेल. पानी नव्हे, पाणी, असं तिला तीनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, तेच ना, पानी. पालथ्या घड्यावर पाणी.

नियम एकमताने मंजूर. आशालताही मागे बसलेली दिसली. भाजी आणायला निघाली असताना थांबली असावी.

२८ ऑगस्ट, रविवार

भाजीला निघाली नव्हती. बारावी सभासद तीच! मार्गदर्शकाची पत्नी सभासद, आणि मार्गदर्शकाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाली, अहो, तुम्ही वीस मिनिटं बोलत होतात, तेवढ्यात मी सही केली.

तिने आठ हजार कर्ज घेतलं. घरघंटी आणणार. चाळीतल्या गिरणीची मोटार पुरात जळाली, बायकांना दळण घेऊन स्टेशनपर्यंत जावं लागतं, म्हणून ती घरात दळून देणार. हप्ता व्याजासकट महिना हजार. मी म्हणालो, महिन्याला हजार कुठून आणशील? ती म्हणाली, पिठातून.

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. तरी मोठ्या मनाने घरघंटीचं बिल माझ्या व्हीआरएसच्या फायलीत जपून ठेवायला घेतलं. बायकांना कागद सांभाळता येत नाहीत.

४. आशालता.

४ सप्टेंबर, रविवार

पहिला हप्ता. माझा अंदाज: पाच जणी चुकवणार. वास्तव: बाराही हजर, बाराही हप्ते, चार वाजून पाच मिनिटांनी काम खलास. मला संशय येतो. पहिला हप्ता सगळेच भरतात, आमच्या बँकेत मोठेमोठे बुडवे पहिला हप्ता फुलं घालून भरायचे.

रजिस्टर मी लिहिणार. पासबुकही माझ्याकडे राहील, सुरक्षिततेसाठी.

११ सप्टेंबर, रविवार

घरघंटी आली. स्वयंपाकघराच्या गॅलरीत बसवली. आवाज असा की गणपतीच्या आरतीलाही दाद देत नाही. वर्तमानपत्रावर पीठ, चष्म्यावर पीठ. घरात शांतता हवी, असं मी निक्षून सांगितलं. तिने ऐकलं नसावं, घंटी चालू होती.

क्षितिजा कॉल सेंटरहून आली. तिला माझं नवं व्हिजिटिंग कार्ड दाखवलं: 'सुधाकर नेरुरकर, संस्थापक-मार्गदर्शक'. पाचशे छापली. म्हणाली, बाबा, हे कुणाला देणार? पोटच्या मुलीने असं विचारावं!

५. क्षितिजा.

६ नोव्हेंबर, रविवार

तीन हप्ते झाले. एकीनेही चुकवला नाही. नियम अकराचा वापर नाही म्हणजे नियम अकराचा धाक आहे, असं मी सभेत सांगितलं. बेला म्हणाली, धाक कसला, मे महिन्यात मासळी सुकते, तवा पैसा हातात पायजे. तवा नाय घेतली तर पावसात काय विकू, वारा? मी तिला समजावलं की त्यालाच अर्थशास्त्रात धाक म्हणतात.

दिवाळीत आशालताने चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, काय काय दळलं. आता बिल्डिंगमधल्या बायकाही येतात. चार ते सहा तर रांग असते, त्यामुळे तिला सभेला येणं जमत नाही. तिचा हप्ता मी नेतो. दहा-दहाच्या नोटा, रबर लावलेल्या, पिठाळलेल्या. खिसा पांढरा होतो.

४ डिसेंबर, रविवार

वसुंधरेने भर सभेत माझी बेरीज चुकलेली दाखवली. साठ रुपयांची. बायका हसल्या. साहेब, रजिस्टर मी लिहू का, असं विचारते! मी म्हणालो, बाई, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा दिवसाला दोनशे व्हाउचर पास करत होतो. ती म्हणाली, मग दोनशेंत साठ कळत नसतील.

कार्डांच्या छपाईचं बिल गटाने नामंजूर केलं. गरज सरो, वैद्य मरो.

६. वसुंधरा. ७. गट, सामुदायिक.

९ जानेवारी २००६, सोमवार

नव्या वर्षाची खरी सुरुवात आज. रामनाथ भेटला! आमच्याच शाखेतला, माझ्याबरोबर व्हीआरएस घेतलेला, आता बोळिंजला राहतो. हातात ब्रीफकेस. गांडूळ खत हे पुढच्या दहा वर्षांचं सोनं आहे म्हणाला. योजना: नोंदणी अडीच हजार, पुढे सहा महिने दरमहा हजार. तो गांडुळं देणार, बेड लावून देणार आणि तयार खत सहा रुपये किलोने स्वतः परत विकत घेणार. बाय-बॅक! जोखीम शून्य.

लेखी मागितलं नाही. मित्राकडे लेखी मागणं म्हणजे अविश्वास.

हिशोब: महिना पाचशे किलो, तीन हजार रुपये, घरबसल्या. गांडुळं आवाज करत नाहीत, पीठ उडवत नाहीत. उद्योग म्हणजे काय ते आता घरातल्यांना कळेल. जागा: बिल्डिंगची गच्ची. अडीच हजार मी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिले, होते तेवढे सगळे. आशालताला सांगितलं नाही. सरप्राइज.

५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.१५

पेचप्रसंग. आशालताचा हजाराचा हप्ता खिशात. रामनाथचा हजाराचा हप्ताही आजच, तो खाली रिक्षा थांबवून उभा. पेन्शन दहा तारखेला. खिसा एक, हप्ते दोन.

शांतपणे विचार केला. घरघंटी काय, आज ना उद्या फिटणारच. गांडुळांचा हप्ता चुकला तर प्रकल्प बंद. शिवाय प्रकल्पाचा फायदा शेवटी आशालतालाच. म्हणजे तिचेच पैसे, तिच्याच फायद्यासाठी, थोड्या वेगळ्या रस्त्याने. बँकेच्या भाषेत याला तात्पुरता वळवलेला निधी म्हणतात. मार्चमध्ये खत विकलं की भरून टाकतो.

सायं. ६

सभेत सांगितलं की आशालताचा हप्ता मी थेट बँकेत भरला. रजिस्टरला तसं लिहिलंही: 'थेट बँकेत जमा'. खोटं नाही. जमा होणारच आहे, फक्त क्रियापदाचा काळ वेगळा. कोणी काही विचारलं नाही. विश्वास ही मोठी गोष्ट आहे.

रामनाथ नोटा मोजताना म्हणाला, नेरुरकर, पिठाची गिरणी टाकलीस का? दोघेही हसलो.

५ मार्च, रविवार

खत अजून तयार नाही. गांडूळ हा संथ प्राणी आहे. निधी आणखी एकदा तात्पुरता वळवला.

पेन्शनमधून का भरत नाही, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर: पेन्शन आल्या दिवशी आशालताच्या हातात जाते आणि त्यातून मागायचं तर कारण सांगावं लागतं. कारण सांगितलं तर सरप्राइज राहत नाही.

१२ मार्च, रविवार

रामनाथ म्हणाला, बाय-बॅकला अजून वेळ आहे, तोवर एखादं गिऱ्हाईक स्वतः बघ. म्हणून वसईला फर्डिनंडच्या वाडीत गेलो. केळी, मोगरा, तोंडली, काय नाही! अर्धा तास गांडुळाचं महत्त्व सांगितलं. त्याने माझं कार्ड घेतलं, फावड्याने केळीखालची माती उकरली, त्यात वळवळणारी पंचवीस-तीस गांडुळं दाखवली आणि म्हणाला, ही आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहेत, पगार घेत नाहीत. मग राजेळी केळ्यांचा एक फणा हातात दिला. ऑर्डर दिली नाही.

८. फर्डिनंड. (केळी चांगली होती.)

२ एप्रिल, रविवार

तिसऱ्यांदा वळवला. आता तात्पुरता हा शब्द लिहिताना पेन अडतं.

आज आशालता हप्ता देताना म्हणाली, अहो, हा धरून दोनच राहिले ना आता? मेचा भरला की घंटी माझी. तिचं बोट दुखत होतं, घंटीच्या पट्ट्यात आलं होतं, चिंधी बांधलेली. मी म्हणालो, दोनच. ती म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी होईल. मला का कोण जाणे, राग आला. फ्लॅट माझ्या नावावर आहे म्हणजे काय तिच्या नावावर नाही का?

सभेत बेलाने पासबुक मागितलं. बँकेचा प्रिंटर फेब्रुवारीपासून बंद आहे असं सांगितलं. बेला म्हणाली, सायेब, दोन महिने बंद? आमची होरी एवढे दिवस नाय थांबत बंदरात दुरुस्तीला. वसुंधरा माझ्याकडे नुसती बघत राहिली, ते मला आवडलं नाही.

१९ एप्रिल, बुधवार. दुपारी १

गच्ची तापली. चारही बेड कोरडे. गांडुळं मेली की निघून गेली हे समजत नाही, एकही शिल्लक नाही. सहा महिन्यांचं नियोजन होतं, तीनच महिने थांबली. जाताना सांगूनही गेली नाहीत.

सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर आले, शेणाच्या वासाबद्दल दोनशे रुपये दंड. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

९. गांडुळं. १०. सेक्रेटरी.

२१ एप्रिल, शुक्रवार

रामनाथला फोन. बाई म्हणते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. बोळिंजला गेलो. फ्लॅटला कुलूप. शेजारी म्हणाले, महिना झाला, भाड्याने होते. दारात अजून तीन माणसं उभी होती. एकाच्या हातात गांडुळांची पिशवी.

आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला आहे, सतरा वर्षं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंक्तीत वाढलं. जिलबी वाढली मी. संध्याकाळपर्यंत तलावाच्या कठड्यावर बसून होतो. असं कसं करतो माणूस? दुसऱ्याने विश्वासाने हातात ठेवलेला पैसा असा कसा खातो? त्याला झोप कशी लागते?

११. रामनाथ. लाल शाईने.

७ मे, रविवार

नववा हप्ता. अकरा जणींनी भरला. बारावा, म्हणजे आशालताचा, सेक्रेटरीचा दंड आणि रामनाथला शोधण्याचा रिक्षाखर्च यात बराचसा गेला. रजिस्टर: 'थेट बँकेत जमा'. दोनदा घाम पुसला. उन्हाळा.

बायकांनी पेढे वाटले. मला दोन दिले. सोमवारी बँकेत अर्ज, पंधरा तारखेच्या आत दीड लाख. बेलाने पाचूबंदरला निरोपही धाडला आहे की मासळी राखून ठेवा. वसुंधरा नवं मशीन बघून आली. बाकीच्या चाळीची जोती दोन फूट उंच करणार. सगळ्यांचं मे महिन्यात अडलेलं.

अर्ज मी नेतो म्हणालो. वसुंधरा म्हणाली, नको साहेब, तुम्ही खूप केलंत. मी भारावून गेलो.

संकल्प: उद्या सकाळी कुठूनही चार हजार उभे करायचे.

८ मे, सोमवार

सकाळ वर्तमानपत्रात गेली. दुपारी ऊन होतं.

९ मे, मंगळवार. रात्री जेवणाआधी

वसुंधरा आणि बेला काल बँकेत गेल्या. माझ्या पाठीमागे! पासबुकाशिवाय! मॅनेजरने खात्याचा उतारा काढून दिला. प्रिंटर चालू होता.

म्हणे फेब्रुवारी ते मे, चार हप्ते आलेच नाहीत. चार हजार. पंधरा तारखेपर्यंत भरले तर अर्ज पुढे जाईल, नाहीतर बाराही जणींचा बंद.

माझ्यावर पाळत ठेवली त्यांनी. मी त्यांना सही करायला शिकवलं. म्हणजे त्यांना येत होती, पण वळण मी दिलं. अस्तनीतले निखारे!

१२. वसुंधरा, पुन्हा.

आशालताला कोणी सांगितलं माहीत नाही. मला काही विचारलं नाही तिने. मी आपणहून सगळं समजावलं: रामनाथने मला कसं फसवलं, गांडुळं, बाय-बॅक, सरप्राइज. ती गव्हातले खडे निवडत होती. सगळं ऐकून एकच विचारलं, त्या नोटांना पीठ होतं ना हो? म्हटलं, होतं. मग तिने परात उचलली आणि आत गेली.

११ मे, गुरुवार. सायं. ५.२०

दार उघडं आहे. बायका जिन्यावर बसल्या आहेत. चार वाजल्यापासून.

आधी वाटलं, सोसायटीची मीटिंग. मग वसुंधरेच्या मांडीवर नियमावली दिसली, माझ्या अक्षरातली. कोणी ओरडत नाही. (ख). बिल्डिंगमधले येतात-जातात, चप्पल वाजू न देता कडेने जातात. सेक्रेटरी आले. मला वाटलं जिन्यात बसू नका म्हणतील. त्यांनी बायकांना पंखा आणून दिला.

मी दारात जाऊन मुद्दा मांडला की तांत्रिकदृष्ट्या कर्जदार आशालता आहे, तेव्हा हा नियम तिला लागू. वसुंधरेने बोट ठेवून वाचलं: 'हप्ता खाणाऱ्याच्या दारात'. चुकवणाऱ्याच्या लिहायला हवं होतं. त्या दिवशी खाणाऱ्याच्या हा शब्द जास्त जोरदार वाटला.

सायं. ५.५०

आशालताने घंटी बंद केली, हात धुतले, माझ्यासमोरून बाहेर गेली आणि तिसऱ्या पायरीवर बेलाशेजारी बसली.

मी म्हणालो, अगं, तू घरातली. ती म्हणाली, मी सभासद आहे. सर्व सभासदांनी बसायचं, असं लिहिलंय.

१३. आशालता.

सायं. ६.३०

बेलाने पानी मागितलं. मी तांब्या आणि ग्लास घेऊन गेलो. एकेक करून सगळ्या प्यायल्या. आशालताही प्यायली, ग्लास पुढे सरकवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

चहा ठेवू का, असं विचारलं. त्यांनी रिकामा तांब्या परत केला. (घ) मलाही पाठ आहे.

पुरात याच पायऱ्यांवर या बसल्या होत्या तेव्हा चहा झाला होता. तेव्हा नियम नव्हते.

बेला म्हणाली, सायेब, आमी तुमाला वाईट नाय बोलत. पण पंधरा तारखेनंतर मासळी दुसऱ्याची. समुद्र माजी वाट बघत नाय. मी म्हणालो, मलाही फसवलंय हो, बेला. ती म्हणाली, ते म्हाईत हाय. तुमाला फसवलं तर तुमी कोनाच्या दारात बसलात? 

कुलूप होतं, असं मी सांगितलं.

मालमत्ता: रोख १८५ रुपये. घड्याळ (दहा मिनिटं मागे). कार्डं ४९९.

१४ मे, रविवार. सकाळी ११

प्रश्न सुटला. नियम अकराची अंमलबजावणी पूर्ण यशस्वी, दोनच दिवसांत शंभर टक्के वसुली. हे माझ्या ड्राफ्टिंगचं यश, असं तटस्थपणे म्हणावं लागेल.

आशालताने घरघंटी गटाला चार हजारांना दिली. गटाने बचतीतून पैसे काढून काल खात्यात भरले. घंटी आता गटाची. सकाळी चौघी आल्या आणि उचलून चाळीत घेऊन गेल्या. वसुंधरेच्या खोलीबाहेर बसवली आहे. आशालता तिथे जाऊन दळणार, किलोमागे मजुरी घेणार. नावावर व्हायला एक हप्ता कमी पडला असं कुणी म्हणेल, पण प्रत्यक्षात चार.

रजिस्टर आणि पासबुक वसुंधरेने मागितलं. दिलं. तिने बेरीज तपासली, तिथेच उभ्या उभ्या.

गॅलरीत घंटीच्या जागी चौकोनी पांढरा डाग आहे. घरात पूर्ण शांतता. हीच शांतता मी आठ महिने मागत होतो.

सायं. ५.१५

आशालता दुपारपासून चाळीतच. डबा रिकामा, पीठ नाही. गव्हाची पिशवी घेऊन मीच गेलो. रांगेत नववा. पुढच्या बाईने मला ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं. माझा नंबर आला. आशालताने मान वर न करता विचारलं, किती किलो, साहेब?

पाच, म्हणालो.

ती म्हणाली, पैसे आधी. नियम आहे.

सायं. ६

हे फार झालं. नवऱ्याकडून आगाऊ पैसे! सतत मला फसवलं जातं, आणि मी नोंद ठेवण्यापलीकडे कोणाचं काही वाईट केलं नाही. चौदावी नोंद करण्यासाठी शेवटचं पान उघडलं.

चौदा नंबरला आधीच लिहिलेलं आहे. घरघंटीचं बिल व्हीआरएसच्या फायलीत होतं, ते गटाला द्यायला तिने काल फाईल काढली असणार. पानाच्या कडेला पिठाचं बोट उमटलं आहे. अक्षर तिचं, शब्द एकच.

१४. अहो.